गोळीची वेळ आणि रक्ताची वेळ

पत्र:

सिस्टर, आमचा मुलगा साडेसहा वर्षांचा, पहिलीत आहे. जन्मानंतर तिसऱ्या आठवड्यात त्याला उलट्या लागल्या, वजन उतरलं, आणि तपासण्यांत ‘सीएएच’ (कंजेनिटल अ‍ॅड्रिनल हायपरप्लाझिया) निघालं. त्याच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसोल तयार करत नाहीत आणि अंगात मीठही टिकत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हापासून हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसोलची जागा भरणारं स्टेरॉइड) चालू आहे. सकाळी ७ वाजता ५ मिलिग्रॅम, दुपारी २ आणि रात्री ९ वाजता अडीच-अडीच. शिवाय सकाळी मीठ टिकवायला फ्लुड्रोकॉर्टिसोन. मी नोकरी करते, त्यामुळे दुपारची गोळी सासूबाई देतात. तो झोपला असला तर उठल्यावर देतात. आता डॉक्टर म्हणतात, एक दिवस-रात्र अ‍ॅडमिट करा, दर दोन तासांनी रक्त घेऊन कॉर्टिसोल बघायचं आहे. मागे एका लॅबमध्ये त्याला चारदा टोचलं, तेव्हापासून पांढरा कोट दिसला की तो रडायला लागतो. सासूबाई म्हणतात, एवढं रक्त काढलं तर पोर सुकून जाईल. शेजारीण म्हणते, तिच्या भाचीला गोळ्या आदल्या रात्रीपासून बंद करून टेस्टला नेलं होतं. आम्हीही बंद करायच्या का? आणि इथे जवळ वाळपईलाच एकदा रक्त देऊन काम भागणार नाही का?
— एक आई, सत्तरी, गोवा

उत्तर:

ताई, बाकीचं सावकाश वाचा, पण हे आधी वाचा. गोळी बंद करू नका. ना आदल्या रात्रीची, ना त्या दिवशी सकाळची. डॉक्टरांनी तोंडाने स्पष्ट सांगितलं आणि कागदावर लिहून दिलं तरच, तेही त्यांनी सांगितलं तेवढंच.

शेजारीण खोटं बोलत नाही, पण तिच्या भाचीची टेस्ट वेगळी असणार. ग्रंथी काम करते की नाही हेच ज्या मुलांच्या बाबतीत ठरवायचं असतं, त्यांच्यासाठी स्टिम्युलेशन टेस्ट असते. एकदा रक्त घ्यायचं, मग ग्रंथीला कामाला लावणारं इंजेक्शन द्यायचं आणि साधारण अर्ध्या तासाने व तासाने पुन्हा रक्त घ्यायचं. (आपल्या देशात ते नेहमीचं इंजेक्शन सहज मिळत नाही, म्हणून काही ठिकाणी दुसरं, जास्त वेळ टिकणारं इंजेक्शन देऊन तासाभराचं रक्त बघतात.) हायड्रोकॉर्टिसोनची गोळी म्हणजे कॉर्टिसोलच असल्यामुळे ती रक्तात असली की ग्रंथीचं किती आणि गोळीचं किती हे मशीनला कळत नाही. म्हणून तिथे डॉक्टर स्वतःच्या देखरेखीखाली एखादा डोस थांबवतात. दम्यासाठी किंवा किडनीच्या आजारासाठी बरेच महिने स्टेरॉइड घेतलेल्या मुलांचीही हीच टेस्ट करतात.

तुमच्या मुलाची ग्रंथी कॉर्टिसोल करत नाही, हे तो तीन आठवड्यांचा असल्यापासून ठाऊक आहे. ते पुन्हा सिद्ध करायची गरज नाही. आता बघायचंय ते तुम्ही देता ती गोळी त्याच्या अंगात किती वाजता चढते, किती वाजता उतरते आणि मधे किती वेळ तो रिकामा राहतो. गोळी बंद ठेवली तर बघायला काही उरणारच नाही. शिवाय मीठ न टिकणाऱ्या मुलाची गोळी चुकली तर साखर उतरते, सोडियम घटतं, पोटॅशियम चढतं, रक्तदाब पडतो. तिसऱ्या आठवड्यात काय झालं होतं ते तुम्ही बघितलंच आहे.

आता वाळपईच्या लॅबचं. लॅब चांगली असेल, प्रश्न लॅबचा नाही. हायड्रोकॉर्टिसोन पोटात गेलं की साधारण तासाभरात रक्तात शिगेला पोहोचतं आणि मग दर दीड तासाला जवळजवळ निम्मं होत जातं. सहा तासांनी नाव घेण्यासारखं काही उरत नाही. म्हणजे ७ ची गोळी घेतलेल्या पोराचं रक्त ८ ला घेतलं तर आकडा भरभक्कम, आणि त्याच पोराचं दुपारी १ ला घेतलं तर तळाला गेलेला. दोन्ही खरे. भरतीच्या वेळी एकदा मांडवी नदी बघून ओहोटीला पाणी कुठपर्यंत उतरेल ते सांगता येईल का? सीएएचमध्ये जो दुसरा आकडा बघतात, १७-ओएचपी (कॉर्टिसोल बनण्याच्या वाटेवर अडून साचणारं हार्मोन), त्याचंही तेच. पहाटे, गोळीच्या आधी तो आभाळाला टेकलेला असतो आणि गोळीनंतर खाली येतो. सकाळी अकराला लॅबमध्ये घेतलेल्या रक्ताच्या कागदावर गोळीची वेळ लिहिलेली नसेल तर त्या आकड्यावरून डोस वाढवणं म्हणजे अंधारात दगड मारणं. आणि डोस उगाच वाढला तर मूल आडवं वाढतं, उंची मात्र थांबते. कमी पडला तर उलट, लहानपणी भराभर उंच होतं, हाडं वयाच्या पुढे पळतात आणि उंची लवकर अडते. म्हणूनच डॉक्टर अधूनमधून हाडांचं वय बघायला डाव्या हाताचा एक्स-रे काढायला सांगतात.

तुमच्या पत्रातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय. ‘तो झोपला असला तर उठल्यावर.’ गोव्यात दुपारची झोप म्हणजे काय ते मला कोणी सांगायला नको. शाळेतून आल्यावर जेवून आडवं झालेलं पोर साडेचारच्या आत उठत नाही, आणि आजीला त्याला उठवायला जीव होत नाही. पण हिशेब करा. ७ ची गोळी दुपारी एकपर्यंत संपली. दुसरी साडेचारला. मधले साडेतीन तास त्याच्याजवळ काहीच नाही, तेही झोपेत, जेव्हा त्याला बरं वाटत नाहीये हे कोणाच्या लक्षातही येणार नाही. संध्याकाळी तो चिडचिडा असतो, डोकं दुखतं म्हणतो, सारखं खारट मागतो, असं काही होतं का? होत असेल तर डॉक्टरांना सांगा.

वॉर्डात मात्र दुपारची गोळी बरोब्बर २ वाजता दिली जाईल, कारण सिस्टर घड्याळ बघून गोळी देते. कागदावर दिवस छान दिसेल, आणि घरी आल्यावर पुन्हा साडेचार. मग ही टेस्ट कोणाच्या दिवसाची झाली? म्हणून अ‍ॅडमिट होण्याआधीच डॉक्टरांना खरं सांगा. ताकाला जाऊन भांडं लपवायचं कारण नाही. कुणी ओरडणार नाही, आणि ओरडलंच तर ओरडू दे. माझं मत विचाराल तर आधी काही आठवडे दुपारची वेळ पाळून बघा आणि मगच टेस्टला जा. निर्णय अर्थात डॉक्टरांचा. पोराला पूर्ण जागं करावं लागत नाही. खांद्याला धरून बसतं करायचं, गोळी आणि दोन घोट पाणी, की परत आडवा. सासूबाईंच्या फोनवर दोनचा गजर लावून द्या, आणि भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या दिवसाच्या चौकोनात गोळी दिलेली वेळ लिहायला सांगा. २.१० असेल तर २.१०. ‘दिली’ एवढंच लिहिलेलं कामाचं नाही.

गोळीचे तुकडेही घरी जसे करता तसेच वॉर्डात करा. पाचच्या गोळीचे सुरीने केलेले दोन तुकडे कधीच सारखे होत नाहीत. अर्ध्याचा पाव करायला गेलात तर एकाचा चुराच होतो. पण तुमच्या मुलाला रोज तेच मिळतं, म्हणून कॉर्टिसोल मोजायचं तेही त्याच तुकड्यांचं. स्वतःची पाकिटं बरोबर न्या, वॉर्डात ती गोळी असेलच असं नाही.

आता टोचण्याचं. लॅबमध्ये झालं ते झालं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, मग साडेसहा वर्षांच्या पोराने पांढरा कोट बघून रडलं तर नवल नाही. पण या टेस्टमध्ये दर दोन तासांनी सुई खुपसत नाहीत. सुरुवातीला एकदा हातात कॅन्युला घालतात, म्हणजे बारीक प्लास्टिकची नळी. सुई असते ती नळी आत बसली की बाहेर काढतात. लहान मुलांना पिवळ्या नाहीतर निळ्या टोकाची कॅन्युला लागते. मग पुठ्ठ्याला गॉझ गुंडाळून हाताखाली आधार देतात, म्हणजे कोपर किंवा मनगट वाकत नाही. दर वेळी आधी नळीतलं थोडं रक्त काढून टाकतात, मग सँपल घेतात, शेवटी सलाइन ढकलून नळी धुतात. सलाइन जाताना हाताला गार लागतं, काही मुलं म्हणतात तोंडात खारट लागलं. हे त्याला आधी सांगून ठेवा. रात्री २ च्या सँपलला तर बहुतेक मुलं जागीही होत नाहीत. वॉर्डातली सिस्टर बॅटरीच्या उजेडात काम उरकते.

ती एकदाची सुईसुद्धा सोपी करता येते. लिग्नोकेन-प्रिलोकेनचं बधिर करणारं मलम मिळतं. ते हातावर जाडसर लावून वर पारदर्शक पट्टी चिकटवायची आणि निदान एक तास थांबायचं. दहा मिनिटांत पुसून टोचलं तर मलमाचा काही उपयोग नाही, आणि पोराचा तुमच्यावरचा विश्वास मात्र उडतो. दोन्ही हातांना लावून घ्या, म्हणजे एक शीर हुकली तर दुसरा हात तयार असतो. ‘बाळाला मलम लावून मगच कॅन्युला घाला’ हे अ‍ॅडमिट होताच सांगायचं, सुई हातात घेतलेल्या माणसाला सांगून उपयोग नाही. ‘दुखणारच नाही’ असं मात्र त्याला सांगू नका. ‘थोडं दाबल्यासारखं होईल, मी मांडीवर घेऊन बसते’ एवढं पुरे.

पोराला चौघांनी धरून, बोट पिळून, पट्टा आवळून रक्त घेण्याने आणखी एक घोटाळा होतो. त्या ओढाताणीत रक्तातल्या लाल पेशी फुटतात आणि त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं. मग रिपोर्टात पोटॅशियम चढलेलं दिसतं. इतर मुलांचं असं झालं तर कोणी घाबरत नाही. तुमच्या मुलाच्या आजारात पोटॅशियम चढणं ही खरी धोक्याची खूण आहे, म्हणून तो आकडा बघून घरातले सगळे गारठतात. पुढे कधी असा रिपोर्ट आला तर ‘सँपल हिमोलाइज झालं होतं का?’ एवढं विचारा. मूल हसत-खेळत असलं तरी पुन्हा रक्त द्यायला त्याच दिवशी जा. मरगळलेलं असलं तर रिपोर्टाची वाट बघत बसू नका.

सासूबाईंसाठी हे वाचून दाखवा. आजी, नातवाचं वजन १८ किलो असेल असं धरूया. त्याच्या अंगात साधारण तेराशे ते चौदाशे मिलिलिटर रक्त असतं. दिवस-रात्रीत तेरा सँपल झाली आणि प्रत्येकी एक मिलिलिटर धरलं, वर नळीतलं सांडणारं धरलं, तरी चहाचे चार चमचे. शंभरातला एक-दीड भाग. तेवढं रक्त त्याचं अंग आपणहून भरून काढतं. सुकून जायचा तो गोळी न मिळाल्याने सुकेल, रक्त दिल्याने नाही.

‘रिकाम्या पोटी या’ हे वाक्य लॅबवाल्यांच्या तोंडात बसलेलं असतं. कॉर्टिसोल मोजायला उपाशी राहावं लागत नाही. या मुलांना उपाशी ठेवणंच धोक्याचं, साखर उतरते. दुसऱ्या कुठल्या तपासणीसाठी उपास सांगितला असेल तर किती तास आणि तोपर्यंत साखर कोण बघणार, हे विचारून घ्या. नाहीतर रोज खातो तेच द्या. मीठ घातलेली पेज, पोदेराचा (पाववाल्याचा) पाव, तो खाईल ते. डबा घेऊन जा, वॉर्डातलं जेवण तो खाईलच असं नाही.

सत्तरीतून पहाटेची बस धरून आठच्या आत वॉर्डात पोहोचायचं म्हटलं तर ७ ची गोळी बसमध्येच येते. इथेच बहुतेक घोळ होतात. काही डॉक्टरांना पहिलं सँपल गोळीच्या आधी हवं असतं. तुम्ही सवयीने बसमध्ये गोळी दिलीत तर ते हुकलं, आणि सँपलसाठी गोळी अडवून धरलीत अन् वॉर्डात खाट मिळायला दहा वाजले, तर रात्री ९ पासून मूल तेरा तास गोळीविना. म्हणून तारीख घेतानाच विचारा, पहिली गोळी घरी की वॉर्डात? त्याहून बरं म्हणजे आदल्या संध्याकाळीच अ‍ॅडमिट करून घेता येईल का ते विचारा. मलमाला वेळ मिळतो, कॅन्युला रात्री घालून होते, रात्रीत पोर जागेला सरावतं, आणि सकाळी ७ ला सगळं घड्याळाप्रमाणे सुरू होतं.

तो रडेल, घाबरेल, म्हणून गोळी जास्त द्यायची का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण बरेच आईबाप मनात तेच घेऊन बसतात. रडण्यासाठी किंवा सुईच्या भीतीसाठी डोस वाढवत नाहीत. ताप, उलट्या-जुलाब, मोठी दुखापत, ऑपरेशन यासाठी वाढवतात. किती, ते तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या तक्त्याप्रमाणे. टेस्टच्या दिवशी ताप असेल तर टेस्ट पुढे ढकला, कारण दुप्पट-तिप्पट डोसवर काढलेला आलेख रोजच्या कामाचा नाही. गोळी उलटून पडत असेल, मूल हाक मारूनही नीट ओ देत नसेल, तर मांडीत हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन आणि लगेच १०८. या वयाला ५० ते १०० मिलिग्रॅम देतात. तुमच्या मुलाचा आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्या, तो कागद आणि १०० ची बाटली सिरिंजसह एकाच डब्यात ठेवा. इंजेक्शन द्यायला तुम्हाला कोणी शिकवलंय का? नसेल तर वॉर्डात दिवसभर बसायचंच आहे, तिथल्या सिस्टरकडून संत्र्यावर शिकून या. सासूबाईंनाही शिकवा. दुपारी घरी त्याच असतात.

पत्रात तुम्ही दुसरी कुठलीही औषधं लिहिली नाहीत. दम्याचा पंप, त्वचेला लावायचं स्टेरॉइडचं मलम, कधी दिलेलं प्रेडनिसोलोन, केसांसाठीचं बायोटिनवालं टॉनिक, असं काहीही चालू असेल तर अ‍ॅडमिशनच्या कागदावर लिहायला सांगा. प्रेडनिसोलोन बऱ्याच मशीनना कॉर्टिसोलसारखंच दिसतं, आणि बायोटिन काही मशीनची दिशाभूल करतं.

रिपोर्ट आला की शेजारी छापलेल्या ‘नॉर्मल’ आकड्यांशी ताडून घाबरू नका. ते आकडे ज्यांच्या ग्रंथी काम करतात त्यांचे असतात. तुमच्या मुलाचं कॉर्टिसोल दिवसातून तीनदा चढणार, तीनदा उतरणार, आणि १७-ओएचपी बहुधा जास्तच दिसणार. डॉक्टर तो मुद्दाम अगदी नॉर्मलपर्यंत उतरवत नाहीत, कारण तिथवर आणायला जेवढं स्टेरॉइड लागतं तेवढ्याने वाढ खुंटते. तुम्ही बघायचं ते एवढंच, की प्रत्येक सँपलसमोर घेतल्याची खरी वेळ लिहिलीय का आणि तीन गोळ्यांच्या वेळा त्याच कागदावर आहेत का. नसतील तर घरी जाण्याआधी वॉर्डातूनच लिहून घ्या, कारण दुसऱ्या दिवशी ती ड्युटीवरची सिस्टर सापडत नाही. एक झेरॉक्स तुमच्या फाइलला लावा. आलेख बघून कदाचित डॉक्टर तीनाऐवजी चार वेळा गोळी सांगतील, किंवा सकाळची थोडी कमी करून दुपारची वाढवतील. पहाटे त्याचं कॉर्टिसोल तळाला असतं का, हेही विचारून घ्या. रात्री ९ ते सकाळी ७ हा या मुलांच्या दिवसातला सगळ्यांत लांब टप्पा.

तारीख मात्र जपून घ्या. गणेश चवथीच्या आठवड्यात नको. घर पाहुण्यांनी भरलेलं, जेवणाच्या वेळा नाहीत, पोर रात्री बारापर्यंत आरत्यांत, आणि दोनच्या गोळीचा गजर भजनात कोणाला ऐकू येणार नाही. शाळेला लागोपाठ दोन-तीन आठवडे सुट्टी नाही असा काळ बघा, तुमची रजा आधी मंजूर करून घ्या, आणि सासूबाईंना एक रात्र तुमच्याबरोबर वॉर्डात बसू द्या.